भार कोणी वाहावा?

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली या दिवसाची घोषणा केली आणि १९९३ पासून तो पाळला जाऊ लागला. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका रुग्णदिनी आम्ही मिस्साच्या प्रवचनात आमच्या धर्मग्रामातील एका स्त्रीचा, तिचे नाव न घेता, गौरव केला होता. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या पतीला ती सहा वर्षे स्वतःच्या दोन हातांनी उचलत होती. बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि तेथून पुन्हा बिछान्यात. ‘परदेशात अशा रुग्णांना यंत्राने उचलतात म्हणे, आपल्याकडे अजून प्रेमाचे हात शिल्लक आहेत,’ असे एक वाक्य आम्ही त्या दिवशी उच्चारले. लोकांना ते आवडले. मिस्सा संपल्यावर दोघातिघांनी मुद्दाम थांबून तसे सांगितलेही.

त्या वाक्याची आम्हांला आज लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

त्यानंतर काही महिन्यांनी, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही नेहमीप्रमाणे घरोघर निघालो होतो. या घराचे दार उघडायला बराच वेळ लागला. मावशी भिंतीचा आधार घेऊन उभ्या होत्या. आत काकांच्या डाव्या हाताला प्लास्टर होते. आदल्या आठवड्यात सकाळी काकांना खुर्चीत बसवताना मावशींचा गुडघा अचानक वाकला आणि दोघेही कोसळली. मुलगा कामावर गेलेला. शेजारीण सहज म्हणून डोकावेपर्यंत अर्धा तास मावशी पतीच्या देहाखाली अडकून पडल्या होत्या.

‘पाठ तर वर्षभर दुखत होती, फादर,’ मावशी म्हणाल्या. ‘डॉक्टरांनी उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. मुलगी फोनवर रोज तेच सांगायची. पण तुम्ही चर्चमध्ये एवढं बोललात. मग आता माझ्याच्यानं होत नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?’

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. असता, तर कदाचित आम्ही स्वतःचे समर्थन केले असते. आपण केलेली स्तुती कोणाच्या तरी मानेवरचे जोखड होऊ शकते, ही गोष्ट सेमिनरीच्या नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो नव्हतो. इतरांच्या खांद्यांवर ओझी चढवून स्वतः त्यांना बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभू येशू काय म्हणाला, हे मात्र आम्ही शिकलो होतो आणि शिकवीतही होतो. ते वचन आपल्याला कधी लागू पडेल, असे आम्हांला वाटले नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचा देह आपण आपल्याच बळाने वाहिला पाहिजे काय? आणि तो भार यंत्रावर सोपवला, तर प्रेमही त्याबरोबर सोपवले जाते काय?

मावशींची मुलगी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. त्या अपघातानंतर ती रजा काढून आली. तिने आम्हांला जे सांगितले ते ऐकून आमचे अज्ञान आमच्याच ध्यानी आले. रुग्णाला उचलणे म्हणजे पोते उचलणे नव्हे. पोते अंगाशी घट्ट धरता येते, त्याला मध्येच झटका येत नाही, घाबरून ते गळ्याला मिठी मारीत नाही. मनुष्यदेहाचा तोल क्षणोक्षणी बदलतो आणि उचलणाऱ्याला बिछान्यावर ओणवे होऊन, हात लांबवून तो पेलावा लागतो. अमेरिकेतील संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हिशेब मांडून दाखवले, की अनुकूल परिस्थितीतसुद्धा रुग्णसेवकाने रुग्णाच्या देहाचा ३५ पौंडांहून, म्हणजे सुमारे १६ किलोंहून, अधिक भार हातांनी उचलू नये. ८० किलो वजनाच्या मनुष्याचा एक पायच सुमारे १३ किलोंचा भरतो. मावशी सहा वर्षे, दिवसातून चारपाच वेळा, काय करीत होत्या याची कल्पना यावरून यावी. इंग्लंडमध्ये हातांनी भार हलवण्याविषयीचे नियम १९९२ साली झाले. त्यांमागे पाठ कायमची निकामी झालेल्या असंख्य परिचारिकांचा अनुभव होता.

मुलीच्या आग्रहावरून त्या घरात छताला बसवलेले रुग्ण उचलण्याचे यंत्र आले. वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिले नसेल, म्हणून थोडे वर्णन करतो. छताला एक रूळ पक्का केलेला असतो. त्या रुळावरून सरकणारी एक छोटी मोटार असते. मोटारीतून एक मजबूत पट्टा खाली येतो, पट्ट्याच्या टोकाला आडवी दांडी आणि त्या दांडीच्या आकड्यांना कापडी झोळीचे बंद अडकवतात. झोळीत बसलेला रुग्ण हातातील बटणाने वर उचलला जातो, रुळावरून खुर्चीपर्यंत सरकवला जातो आणि हळूच खाली ठेवला जातो. यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी रुग्ण अधांतरी राहत नाही. काही बिघाड झालाच, तर यंत्र थांबवण्याची आणि रुग्णाला हळूहळू खाली उतरवण्याची वेगळी सोय असते.

मावशींच्या घराचा जुना भाग कौलारू आहे. तेथे असला रूळ टांगता येणे शक्यच नव्हते. सुदैवाने मागची खोली स्लॅबची होती. अभियंत्याने स्लॅबची तपासणी केली, आरपार बोल्ट घातले, यंत्रावर लिहिलेल्या भारापेक्षा अधिक वजन टांगून पाहिले आणि मगच माणसाला टांगण्याची परवानगी दिली. ज्या घरात असे छत नाही, तेथे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या चौकटीवर रूळ बसवतात.

यंत्र आले, पण काका झोळीत बसायला तयार होईनात. ‘मी काय भाताची गोणी आहे, फादर, अशी वर टांगायला?’ त्यांनी आम्हांला विचारले. गल्लीतही कुजबुज झाली, की मावशींना आता नवऱ्याला हात लावायचाही कंटाळा आला. ती कुजबुज आमच्याच प्रवचनाची पडछाया होती, हे आम्ही ओळखले.

काकांचा प्रश्न मात्र खरा होता आणि त्याला खरे उत्तर हवे होते. त्यांच्या मुलीने त्यांना एक हकीकत सांगितली, ती आम्हीही तेव्हाच प्रथम ऐकली. चाकांवर फिरणारे रुग्ण उचलण्याचे यंत्र अमेरिकेत ज्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले, ते विस्कॉन्सिन राज्यातील टेड हॉयर हे स्वतःच मोटार अपघाताने हातापायांनी लुळे झालेले गृहस्थ होते. सेवा टाळू पाहणाऱ्या कोणा धडधाकट माणसाच्या डोक्यातून ते यंत्र निघालेले नाही. ज्याला रोज उचलून घ्यावे लागत होते, त्याच्या गरजेतून ते निघाले. काका त्यावर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे त्यालाही बायकोची पाठ दिसली असेल.’ हॉयर यांच्या संसाराची आम्हांला माहिती नाही. पण आपल्या देहाच्या भाराखाली दुसरे माणूस मोडते आहे, हे पाहण्याची वेदना काकांनी सहा वर्षे कोणालाही सांगितली नव्हती, हे त्या एका वाक्यातून आम्हांला कळले.

हाच वाद एकदा इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढेही गेला होता. पूर्व ससेक्स परगण्यातील दोन तरुण बहिणी शरीराने व बुद्धीने गंभीर अपंग होत्या. आमच्या मुलींना माणसांनी हातांनी उचलावे, असे त्यांच्या पालकांचे म्हणणे. सेवकांना हातांनी उचलू देणार नाही, असे स्थानिक प्रशासनाचे म्हणणे. २००३ साली न्यायमूर्ती मन्बी यांनी निकाल दिला. हातांनी उचलण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे त्यांनी एकीकडे म्हटले. दुसरीकडे, यंत्राने उचलणे हे मुळातच अप्रतिष्ठेचे आहे, हे त्यांनी मान्य केले नाही. रुग्णाच्या प्रतिष्ठेइतकीच सेवकाची सुरक्षा आणि प्रतिष्ठाही तराजूत घातली पाहिजे, आणि प्रत्येक रुग्णाचा, प्रत्येक प्रसंगाचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. न्यायालयाने जे सांगितले, ते एखाद्या शहाण्या धर्मगुरूनेही सांगायला हवे होते. आम्ही सांगितले नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलच्या आधाराने प्रेमाचा अर्थ सांगितला आहे तो असा, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. या अर्थाने पाहू गेल्यास, उचलताना झालेले कष्ट हे प्रेमाचे माप होऊ शकत नाही. कष्ट हे प्रेमाचे चिन्ह असू शकते. पण चिन्हालाच वस्तू समजणे ही आमची चूक होती. रुग्णाचे भले कशात आहे? तो पडू नये, त्याची कातडी ओरखडू नये, त्याला रोज बिछान्याबाहेर येता यावे, उजेडात बसता यावे, आणि त्याची सेवा करणारे माणूस उद्याही धडधाकट असावे, यात त्याचे भले आहे. मावशींच्या हातांनी यांपैकी बरेच काही होत होते. परंतु शेवटची गोष्ट होत नव्हती आणि म्हणून एके दिवशी पहिलीही होईनाशी झाली.

यावर कोणी म्हणेल, की मग प्रश्न सुटला. यंत्र आणावे आणि निश्चिंत व्हावे. आम्हांलाही तसेच वाटले होते. ही आमची दुसरी चूक.

यंत्र येऊन दोन वर्षे होत आली होती. काका आता रोज दोनदा ओटीवर बसत, रस्त्यावरून जाणाऱ्यांशी बोलत. एका पहिल्या शुक्रवारी आम्ही नेहमीपेक्षा लवकर पोहोचलो. काका अजून बिछान्यातच होते. ख्रिस्तशरीर बसून स्वीकारायचे, असा त्यांचा हट्ट असे. ‘फादर थांबलेत,’ असे म्हणत मुलाने घाईघाईने झोळी घातली, बंद अडकवले आणि बटण दाबले. काका बिछान्यापासून वीतभर वर आले असतील, तोच एका बाजूचा लूप आकड्यातून निसटला आणि ते तिरके होऊन गादीवर पडले. खाली गादी होती म्हणून निभावले. हीच गोष्ट खोलीच्या मध्यावर, फरशीवर घडली असती, तर आम्ही त्या दिवशी वेगळा संस्कार देऊन परतलो असतो.

मुलाच्या घाईचे कारण आम्ही होतो. आम्ही घाई करा म्हटले नव्हते. पण थांबा, सावकाश होऊ द्या, असेही म्हटले नव्हते.

त्या रात्री मुलीने फोनवरून झोळी उजेडात धरून पाहायला सांगितली. तेव्हा दिसले, की दुसऱ्या एका बंदाची शिवण उसवू लागली आहे आणि झोळीवरची खूणचिठ्ठी, जिच्यावर आकार आणि किती भार पेलेल ते छापलेले असते, ती पार पुसून गेली आहे. मावशी स्वच्छतेच्या ओढीने झोळी उकळत्या पाण्यात, ब्लीचिंग घालून धूत होत्या. प्रेमानेच धूत होत्या. पण त्या धुण्यानेच धागा कुजत होता.

इंग्लंडमध्ये १९९८ च्या नियमांनुसार, कामाच्या ठिकाणी माणसांना उचलणाऱ्या यंत्रांची आणि त्यांच्या झोळ्यांची साधारणतः दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून कसून तपासणी करावी लागते. वसईच्या एका घरात ती कोण करणार? ज्यांनी यंत्र बसवले त्यांना बोलवावे लागते, आठवण करून द्यावी लागते. आणि दोन तपासण्यांच्या मधले दिवस तर घरच्यांचेच असतात.

मुलीने आईकडून एक वही करवून घेतली. ती आता रुळाखाली खिळ्याला टांगलेली असते. तिच्यातील सूचना आम्ही मावशींच्या परवानगीने येथे थोडक्यात देत आहोत. कोणास ठाऊक, वाचकांपैकी कोणाच्या घरी त्यांचा उपयोग होईल.

रोज उचलण्यापूर्वी झोळीची शिवण, बंद आणि लूप डोळ्यांनी पाहावे व बोटांनी चाचपावे. खूणचिठ्ठी वाचता येईनाशी झाली, धागा सुटला, कापड फाटले वा विरले, तर झोळी बाद करावी. ती घरी शिवू नये. झोळी तिच्यावर लिहिलेल्या रीतीनेच धुवावी. ती रुग्णाच्या मापाची असावी. मोठ्या झोळीतून देह घसरतो आणि लहान झोळी मांड्यांना काचते. रूळ, मोटार, दांडी, झोळी यांवर वेगवेगळे आकडे लिहिलेले असतील, तर त्यांतील सर्वांत कमी आकडा हाच खरा मानावा. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे लूप अडकवावेत, म्हणजे देह तिरका होत नाही. खुर्चीचे ब्रेक आधी लावावेत. दांडी रुग्णाच्या तोंडावर आपटू नये म्हणून ती हाताने धरावी. पट्टा नेहमी सरळ खाली यावा. रुग्णाला बाजूने ओढून घेऊ नये. पट्ट्याला पीळ किंवा दसे दिसले, मोटारीतून नवा आवाज आला, तर यंत्र वापरू नये. काम संपल्यावर यंत्र चार्जिंगच्या जागी न्यावे. अडचणीच्या वेळी खाली उतरवण्याची सोय चालते की नाही, ते रुग्ण झोळीत नसताना मधूनमधून पाहावे. आणि टांगलेल्या माणसाला सोडून, दुधाचे भांडे उतरवायलासुद्धा, जाऊ नये.

यांतील एका सूचनेखाली मावशींनी दोन रेघा ओढल्या आहेत. रुग्ण बिछान्यापासून चारपाच बोटे वर आला की थांबावे. सर्व लूप एकेक करून पाहावेत. रुग्णाला विचारावे, ‘नीट वाटतंय ना?’ आणि त्याने हो म्हटल्यावरच पुढे जावे. त्या शुक्रवारी नेमके एवढेच राहून गेले होते.

या विरामाचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. यंत्र माणसाचे वजन उचलते. पण ते त्याच्याकडे पाहत नाही. त्याला विचारीत नाही. लूप सुटला आहे हे त्याला कळत नाही. पूर्वी मावशींचे सारे बळ काकांना पेलण्यातच संपून जाई. दात आवळलेले, श्वास कोंडलेला, डोळे मिटलेले. पतीच्या चेहऱ्याकडे पाहण्याइतकी उसंत त्यांना नसे. आता हात मोकळे झाले आहेत, डोळे मोकळे झाले आहेत. म्हणजे यंत्राने प्रेमाची जागा घेतली नाही. प्रेमाला करण्यासारखे दुसरे काम दिले. ते काम म्हणजे लक्ष देणे. जेथे हे लक्ष सुटते, तेथे हात असोत की यंत्र, रुग्णाची गोणीच होते. काकांचा प्रश्न या अर्थाने आजही खरा आहे आणि तो रोज नव्याने विचारला जायला हवा.

हे काम दिसत नाही, हीच त्याची अडचण. पतीला कडेवर घेऊन चालणारी स्त्री लोकांना दिसते. तिच्यावर प्रवचन करता येते. रात्री चष्मा लावून झोळीची शिवण तपासणारी स्त्री कोणाला दिसत नाही. नवी झोळी यायला तीन आठवडे लागले होते. त्या काळात काका चिडचिडे झाले होते. ‘एक धागा तर गेलाय, चालवून घे,’ म्हणत होते. मुलगाही म्हणत होता. मावशींनी ऐकले नाही. जुनी झोळी त्यांनी कात्रीने कापून टाकली, म्हणजे कोणाला मोहच होऊ नये. त्या तीन आठवड्यांत काका बिछान्यातच राहिले, अंथरुणातच कुशीवर वळवून त्यांची सारी सेवा झाली, आणि घरात अबोला राहिला. आमच्या मते, मावशींनी सहा वर्षांत जे काही उचलले, त्यात ती कात्री सर्वांत जड होती.

असे यंत्र प्रत्येकाच्या आवाक्यातले नाही, हे आम्ही जाणतो. आमच्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातील पाड्यांवरून, रस्ता नसल्यामुळे आजही रुग्णाला झोळीत घालून खांद्यांवर न्यावे लागते. तेथे प्रश्न यंत्राचा नाही, रस्त्याचा आहे. आणि तो भार केवळ त्या खांद्यांचा नाही, आपणा सर्वांचा आहे. ज्यांच्या घरी यंत्र येऊ शकत नाही, त्यांच्या घरी निदान दुसरी माणसे येऊ शकतात. एका बाईने एकटीने उचलण्यापेक्षा दोघांनी गुळगुळीत चादरीवरून सरकवणे बरे. आमच्या धर्मग्रामातील आजाऱ्यांची भेट घेणाऱ्या गटाला आम्ही आता एवढेच सांगतो, की प्रार्थना म्हणून झाल्यावर, निघण्यापूर्वी, सेवा करणाऱ्या माणसाला त्याच्या पाठीविषयी विचारा.

शुभवर्तमानात एका पक्षघाती मनुष्याची कथा आहे. चौघांनी त्याला उचलून आणले आणि गर्दीमुळे आत जाता येईना, तेव्हा छप्पर उघडून वरून त्याला प्रभूपुढे खाली सोडले. लूक तर कौलांचाही उल्लेख करतो. सेमिनरीत असल्यापासून आम्ही या कथेवर चौघांच्या विश्वासाविषयी बोलत आलो. आता ती वाचताना आमचे लक्ष दुसरीकडे जाते. त्या चौघांनी बाज एका बाजूला कलू न देता, चारही कोपरे सारखे ठेवीत, खाली सोडली असेल. कोणीतरी वरून वाकून, ‘नीट आहेस ना?’ असे विचारलेही असेल. आणि ते छप्पर नंतर कोणी शाकारले, याविषयी शुभवर्तमान काहीच सांगत नाही. पण कोणीतरी शाकारले असणारच.

गेल्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा काका झोळीत चार बोटे वर होते आणि मावशी एकेक लूप पाहत होत्या. आम्ही दारातच थांबलो. काका म्हणाले, ‘बसा फादर, अजून वेळ आहे.’ आम्ही बसलो.